मैत्रिणीची पारख कशावर करायची?

(पातूर येथे बचत गट, समुपदेशन केंद्रं आणि शेतमजूर बायांच्या गटांतल्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)

मला दिलेला विषय असा आहे : जिचं राजकीय मत वेगळं, जिचा धर्म वेगळा, अशा बाईशी मैत्री ठेवता येते का? आणि माणूस म्हणून तिची पारख कशावर करायची?

आपल्या शिबिरांत मारहाण, पोटगी, जमिनीतला हिस्सा, रेशन, दारू हे विषय नेहमी असतात. मैत्री हा विषय सहसा नसतो. तो आपण घरगुती समजतो, चहा पिताना बोलायचा. पण गेल्या काही वर्षांत आपल्या वऱ्हाडातले किती गट कर्जाच्या हप्त्यावरून फुटले आणि किती गट मोबाईलवर आलेल्या एखाद्या चित्रावरून फुटले, याचा हिशेब तुम्ही आपापल्या गावात करून पाहा. जे व्यक्तिगत ते राजकीय, असं आपण म्हणत आलो. मग मैत्रीही त्यात आलीच.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. पारख म्हटली की चारित्र्य हा शब्द येतो. आणि बाईच्या बाबतीत हा शब्द उच्चारला की पोलीस ठाण्यापासून जातपंचायतीपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात एकच अर्थ येतो. 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीला मारहाण' ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. पुरुष उधारी बुडवतो, खोटी साक्ष देतो, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवतो, तेव्हा त्याच्या चारित्र्याबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून हा शब्द वापरायचाच असेल तर बाई-पुरुष सगळ्यांना सारखा लागू पडेल अशा अर्थानं वापरू. दिलेला शब्द, सांगितलेलं गुपित, हातात आलेला पैसा आणि दुसऱ्याचं दुःख, या चार गोष्टींशी माणूस कसं वागतं, ते त्याचं चारित्र्य. आजच्या भाषणात मी हा शब्द एवढ्याच अर्थानं वापरणार आहे.

पाटीची गोष्ट

हा विषय पातुरात बोलायला मिळतो आहे याचं मला समाधान आहे. बाहेरगावाहून आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. अकोला-वाशीम रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. इथे डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामातेचं देऊळ आहे, आणि जुन्या सरकारी कागदांत गावाचं नावच 'पातूर शेख बाबू' असं सापडतं, ते इथल्या दर्ग्यावरून. म्हणजे एकाच गावाला लेणी, देवी आणि दर्गा या तिघांचा शेजार आहे.

या गावाचं नाव २०२५ साली देशभर गेलं ते एका पाटीमुळे. नगरपरिषदेच्या नव्या इमारतीवर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव लिहिलं होतं. वर्षाताई बागडे या माजी नगरसेविकेनं त्याला हरकत घेतली. नगरपरिषदेचा कारभार मराठीतच झाला पाहिजे, पाटीवरसुद्धा दुसरी भाषा नको, असं त्यांचं म्हणणं. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेनं बहुमतानं ठरवलं की उर्दूचा वापर १९५६ पासून चालू आहे, गावातल्या पुष्कळ लोकांना ती समजते, तेव्हा पाटी योग्यच आहे. डिसेंबर २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षाताईंचा अर्ज मान्य केला. एप्रिल २०२१ मध्ये अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो आदेश रद्द केला. मग प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, तिथून सर्वोच्च न्यायालयात. मधेच २०२२ साली स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा नवा कायदा आला, म्हणून पुन्हा नागपूर आणि पुन्हा दिल्ली. अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की मराठीच्या जोडीला उर्दू लिहायला कायद्याची मनाई नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे. उर्दू याच देशात जन्मलेली भाषा आहे. पाटी लावायची ती लोकांना वाचता यावी म्हणून, असं न्यायालयानं सांगितलं. आपल्या मनातले पूर्वग्रह तपासून पाहावेत आणि उर्दूशी, किंबहुना प्रत्येक भाषेशी मैत्री करावी, असंही निकालात सुचवलं आहे.

निकाल मला पटला. हरकत मला पटली नव्हती, हेही स्पष्ट सांगते. आपण रोज ज्या शब्दांवर लढतो ते बघा ना. हक्क, अर्ज, फिर्याद, जामीन, वकील, तारीख, दाखला, हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्या मराठीत आले आणि इथलेच झाले. आपल्या घोषणेतलं 'जिंदाबाद' कुठून आलं? बाईला हक्क पाहिजे म्हणताना कोणी त्या शब्दाचा धर्म विचारत नाही. आणि उलट बाजूनं पाहिलं तर मराठी ही काही हिंदूंचीच भाषा नाही. शेख महंमद हे श्रीगोंद्याचे संत मराठीत लिहीत होते. हमीद दलवाई मराठीत लिहीत होते. १९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं.

पण माझा आजचा मुद्दा पाटीच्या पुढचा आहे. अशा वादात दोन्ही बाजूंच्या बाया फार लवकर माणसांचा निकाल लावतात. हरकत घेणारी म्हणजे द्वेष करणारी. उर्दू हवी म्हणणारी म्हणजे महाराष्ट्राशी बेइमान. कोर्टाला पाच वर्षं लागली, आपल्याला पाच मिनिटं पुरतात. मी वर्षाताईंना ओळखत नाही. त्यांनी जे केलं ते उघड, स्वतःच्या नावानं, अर्ज आणि वकील या मार्गानं केलं, एवढं कागदावर दिसतं. शेजारीण म्हणून, मैत्रीण म्हणून, आई किंवा मुलगी म्हणून त्या कशा आहेत, हे त्या कागदांत कुठे लिहिलेलं नाही. एका हरकतीवरून मत कळतं, अख्खी बाई कळत नाही. आणि ज्या नगरसेवकांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं त्यांच्याही घरात सून सुखी आहे की नाही, हे त्या ठरावावरून कळत नाही.

मत आणि माणूस

समुपदेशनाच्या कामात मला दोन प्रकारची माणसं वारंवार भेटली. नावं-गावं सोडून सांगते.

एका बाईचा नवरा समतेच्या प्रत्येक मोर्चात पुढे. महापुरुषांच्या जयंतीला त्याचं भाषण ठरलेलं. घरी बायकोचा पगार काढून घ्यायचा आणि हिशेब मागितला की हात उचलायचा. ती म्हणायची, "ताई, यायचं भाषण ऐकून बाया टाळ्या वाजवतात अन् मी घरी येऊन रडतो." त्याच्या भाषणातला एकही शब्द खोटा नव्हता. पण त्या शब्दांची झळ त्यानं स्वतःच्या घराला लागू दिली नाही. आपल्या चळवळीला हा अनुभव नवा नाही. पुरोगामी संघटनांतल्या कार्यकर्त्या मुलींनी जेव्हा जेव्हा त्रासाबद्दल तोंड उघडलं, तेव्हा 'तो आपला माणूस आहे, चळवळीची बदनामी होईल' हे उत्तर त्यांना मिळालेलं आहे. चांगलं मत हा चांगल्या वागणुकीचा दाखला धरला की असं होतं.

दुसरी एक बाई. आपण तिला काकू म्हणू. काकूंच्या घरावर एका पक्षाचा झेंडा बारमाही. त्यांच्या मोबाईलवरून गटावर मुसलमानांबद्दल जे यायचं ते वाचून मला त्रास व्हायचा आणि मी तसं त्यांना तोंडावर सांगत असे. याच काकूंनी एका रात्री पलीकडच्या मोहल्ल्यातून मार खाऊन पळालेल्या मुस्लिम मुलीला दोन लेकरांसकट घरात घेतलं. नवऱ्याकडची माणसं आली तेव्हा काकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या, कोणाला आत येऊ दिलं नाही. सकाळी पदरच्या पैशानं एसटीचं तिकीट काढून तिला आमच्याकडे घेऊन आल्या. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सर्व धर्मांच्या बायांना सारखा लागू आहे, म्हणून संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज झाला. पुढे साक्षीसाठी काकू तीन तारखांना मजुरी बुडवून आल्या. त्या मुलीच्या स्वतःच्या नात्यातलं, तिच्या धर्माचं कोणीही त्या तारखांना आलं नव्हतं.

आता सांगा, यातल्या खऱ्या काकू कोणत्या? मोबाईलवरच्या की उंबऱ्यातल्या? माझं उत्तर असं की दोन्ही खऱ्या. माणूस एका रंगाचं नसतं, हे आपल्याला घरातल्या माणसांबद्दल पटतं आणि 'त्यांच्या'बद्दल पटत नाही.

इथपर्यंत ऐकून काही जणी म्हणतील, म्हणजे मत कसलंही असो, मन चांगलं असलं की झालं. तसं मी म्हणत नाही. काकूंनी एका मुलीला वाचवलं म्हणून त्यांनी पुढे पाठवलेलं चित्र निरुपद्रवी होत नाही. ते चित्र दुसऱ्या गावात, दुसऱ्या मोहल्ल्यात, अशाच एखाद्या मुलीच्या दाराशी जमाव आणू शकतं. तिथे उंबऱ्यात उभं राहायला काकू नसतात. चांगुलपणा हाताच्या अंतरापर्यंत पोचतो. मोबाईलवरचं विष हजार घरांत पोचतं. म्हणून चांगल्या मतावरून वागणूक चांगली धरू नये, तसं चांगल्या वागणुकीवरून वाईट मताला माफीही देऊ नये. दोन्हींचे हिशेब वेगळे मांडायचे.

'तू त्यातली नाहीस'

त्या मुलीनं काही महिन्यांनी मला जे सांगितलं ते मी अनेक शिबिरांत सांगते. ती म्हणाली, "ताई, काकू मले म्हणतात, तू आमच्यातलीच वाटतं, तू बाकीच्यांसारखी नाही. मले समजत नाही, खुश व्हावं का काय करावं. बाकीचे म्हणजे माही माय अन् माही बहीणच ना?"

मैत्रिणींनो, या वाक्यावर आपण थांबलं पाहिजे. 'तू बाकीच्यांसारखी नाहीस' हे आपण कौतुकानं म्हणतो. बौद्ध मैत्रिणीला म्हणतो, 'तुझ्याकडे बघून वाटत नाही हो.' ब्राह्मण मैत्रिणीला म्हणतो, 'तू काही तशी नाहीस.' या कौतुकात एक अट लपलेली असते. तू आपल्या माणसांपासून वेगळी निघालीस तरच आमची. अशा मैत्रीत एका बाईला कायम परीक्षेला बसावं लागतं. कुठेही काही घडलं की तिनं आधी निषेध करायचा, मग तिला चहा मिळणार. दुसरीला अशी परीक्षा कधीच नसते.

हे एकाच बाजूनं चालतं असं नाही. मुस्लिम बायांच्या बैठकीतही 'ते लोक' म्हणून हिंदू बायांबद्दल सरसकट बोललं जातं. हळदीकुंकवाला विधवेला, परित्यक्तेला, बौद्ध शेजारणीला टाळणाऱ्या बाया आपल्यातच आहेत. पण किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. नावावरून भाड्याचं घर नाकारलं जातं ते कोणाला? गावात ताण आला की मजुरीला बाहेर पडायची भीती कोणाला वाटते? मतभेद दोघींचा असतो, पण धोका बहुतेक वेळा एकीच्या दाराशी असतो. जिच्या दाराशी धोका नाही तिनं मैत्रीत पहिलं पाऊल टाकावं, एवढी अपेक्षा रास्त आहे.

त्या मुलीच्या परवानगीनं मी तिचा प्रश्न काकूंपुढे ठेवला. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी तं चांगलंच म्हटलं होतं वं." खरंच त्यांना चांगलंच म्हणायचं होतं. पुढे ईदच्या आधी त्या तिच्या आईला भेटायला गेल्या, घरी बसल्या, शिवणकामाचं बोलल्या. मोबाईलवरचं सगळं बंद झालं अशी गोड गोष्ट मी सांगणार नाही. कमी झालं. एखादं चित्र आलं की त्या आता मला आधी विचारतात, "हे खरं आहे का वं?" माझ्या दृष्टीनं हा बदल मोठा आहे.

आपल्या आधीच्या बाया

हा पेच आपल्यापासून सुरू झालेला नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची विद्वत्ता वाखाणणारे पुष्कळ लोक त्या दिवशी त्यांच्यावर उलटले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार'मधून रमाबाईंची बाजू घेतली. त्याच 'सत्सार'मध्ये त्यांनी आपल्या वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचीही बाजू घेतली. १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं म्हणून ताराबाईंवर जे तुटून पडले त्यांत सत्यशोधक चळवळीतले लोकही होते. जोतीरावांनी आपल्या सहकाऱ्यांची भीड ठेवली नाही. बाई काय म्हणते ते पाहिलं, ती कोणत्या गोटातली ते पाहिलं नाही.

१८८९ साली रमाबाईंनी मुंबईला शारदा सदन काढलं, नंतर ते पुण्याला आलं. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून मोठं वादळ उठलं, न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या शारदा सदनात सुरुवातीलाच आलेली एक बालविधवा होती गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ सालीच त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह झाला. आनंदीबाई हिंदूच राहिल्या, आणि रमाबाईंचे उपकारही त्यांनी मानले. 'माझे पुराण' या आत्मकथनात ते सगळं आलं आहे. रमाबाईंचा धर्म स्वीकारला नाही म्हणून त्यांना रमाबाई परक्या झाल्या नाहीत. पोथीतला धर्म त्यांनी बाजूला ठेवला आणि हाताला धरून शिकवणारी बाई पाहिली.

आणखी एक उदाहरण. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाईंनी सात मुस्लिम बायांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, अशी मागणी. त्या सात बायांना कोणाच्या बाजूच्या म्हणायचं? त्यांच्या समाजातले अनेक जण त्यांना शत्रू म्हणाले. बाहेरून टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या काहींना त्या बायांशी देणंघेणं नव्हतं, मुसलमानांना नावं ठेवायला एक कारण मिळालं एवढंच.

१९८५ साली शाहबानोच्या निकालानंतर स्त्री-संघटनांपुढे हाच पेच आला. समान नागरी कायदा ही स्वातंत्र्याच्या आधीपासूनची स्त्री-संघटनांची मागणी. पण ज्यांना बायांच्या पोटगीपेक्षा मुसलमानांना धडा शिकवण्यात रस होता त्यांच्या तोंडी ती मागणी गेल्यावर अनेक संघटनांनी शब्द बदलला, सर्व धर्मांत स्त्रियांना न्याय देणारे कायदे करा, असं म्हणायला सुरुवात केली. त्यावरून मैत्रिणी-मैत्रिणींत कडाक्याची भांडणं झाली. मला वाटतं, तेव्हाही कसोटी एकच होती आणि आजही तीच आहे : या मागणीनं त्या बाईच्या ताटात काय पडतं? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयानं सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. निकालाचं स्वागत कोण करतंय हे पाहून आपण आपलं मत ठरवायचं, की त्या बाईला महिन्याला पैसे मिळतील का हे पाहून?

जवळचे घाव

आता आपल्या उंबऱ्याजवळचं बोलते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. २१ जून २०२२ रोजी अमरावतीत उमेश कोल्हे या औषध विक्रेत्याचा खून झाला, समाजमाध्यमावरच्या एका मजकुराच्या कारणानं. तपास यंत्रणेनं ज्यांच्यावर आरोप ठेवले त्यांत त्यांच्या जुन्या ओळखीचा एक पशुवैद्य होता, असं वर्तमानपत्रांत आलं. १३ मे २०२३ रोजी अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या मजकुरावरूनच दंगल पेटली आणि एक माणूस मेला.

मी मैत्रीबद्दल बोलायला उभी राहिले की अमरावतीच्या खुनाचा प्रश्न कोणीतरी विचारतंच. "ताई, ओळखीचाच निघाला म्हणतात. मग इतरांवर कसा भरवसा ठेवायचा?" प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकायचा नाही. त्या घरावर जे कोसळलं त्यापुढे कोणतंही तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार मला नाही. आरोप सिद्ध होतो की नाही हे कोर्ट ठरवेल. पण समजा तो सिद्ध झाला, तरी त्यातून कळेल ते त्या माणसाबद्दल. त्यानं काय केलं हे त्याच्या शेजारणीला, त्याच्या गावच्या शाळेतल्या बाईंना लागू होत नाही. आपल्याकडे जे खटले येतात त्यांत मारणारा बहुतेक वेळा नवरा असतो, स्वतःच्या धर्माचा, स्वतःच्या जातीचा, पत्रिका जुळवून आणलेला. त्यावरून आपण असं म्हणतो का, की स्वजातीवर भरवसा ठेवू नका?

१९९२-९३ च्या मुंबईच्या दंगलीत ९०० माणसं मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगानं केली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. त्यानंतर स्त्री-चळवळीत एक कडू चर्चा झाली. बाई मुळात दयाळू, ती दंगलीत नसतेच, असं आपण समजत होतो. ते खरं नव्हतं. दंगलीला चिथावणी देणाऱ्यांत आणि लुटालुटीत बायाही होत्या. शेजारणीला लपवणाऱ्याही बायाच होत्या. त्या दोघी आपल्याला एकाच बैठकीत, एकाच सतरंजीवर भेटतात. म्हणून पारख करायला शिकणं भाग आहे.

मग पारख कशावर?

मी माझ्या कामात काही प्रश्न विचारते. तुम्ही त्यात भर घाला.

एक, ही बाई दुर्बळाशी कशी वागते? सभापतीशी नव्हे, मोलकरणीशी, सुनेशी, भीक मागायला आलेल्या म्हातारीशी.

दोन, आपल्याच बाजूच्या माणसानं अन्याय केला तर ही बोलते का? दुसऱ्याच्या दोषांवर सगळेच बोलतात. मुस्लिम बाई मोहल्ल्यातल्या मारकुट्या नवऱ्याविरुद्ध, हिंदू बाई आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या मुलाविरुद्ध, आंबेडकरी बाई आपल्या कार्यकर्त्याविरुद्ध उभी राहते का?

तीन, चूक दाखवली तर ऐकून घेते का? लगेच मान्य करावं असं नाही. घरी जाऊन विचार तरी करते का?

चार, गुपित आणि पैसा. गटाचा हिशेब आणि बाईनं विश्वासानं सांगितलेलं दुःख, दोन्ही तिच्या हातात सुरक्षित आहेत का?

यातला एकही प्रश्न 'मत कोणाला दिलं' असा नाही. १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा बायांना आल्या. त्यामुळे एकाच गटातल्या दोघी एकमेकींविरुद्ध उभ्या राहणार, वेगळ्या पक्षांतून निवडून येणार. ते चांगलंच आहे. निवडणूक संपल्यावर बोलणं संपू नये एवढंच.

मैत्रीलाही हद्द असते

आणि तरी काही ठिकाणी थांबावं लागतं. जी बाई आपल्या मैत्रिणीच्या घराचा पत्ता जमावाला सांगेल, जी एखाद्या मुलीचं फोटोसकट नाव गावभर फिरवेल, जी माणसांना मारलंच पाहिजे असं म्हणेल आणि विचारल्यावर पुन्हा तेच म्हणेल, तिच्याशी मतभेद आहे असं म्हणता येत नाही. तिथे धोका आहे. जिला धोका आहे तिच्या बाजूला उभं राहणं हे आपलं पहिलं काम; मैत्री त्याच्या नंतर. आणि ज्या बाईला दुसरीचं बोलणं रोज टोचतं तिनं मैत्री ठेवलीच पाहिजे अशी सक्ती कोणी करू नये. गटात एकत्र काम करायला जिवलग असावं लागत नाही, एकमेकींवर हिशेबापुरता आणि संकटापुरता भरवसा असला तरी काम चालतं. मैत्री झाली तर ती त्यातून होते.

शेवटी आपल्या गटांसाठी चार गोष्टी ठराव म्हणून मांडते. कोणत्याही समाजाबद्दलचा मजकूर गटाच्या फोनवर टाकायचा नाही. शंका असेल तर बैठकीत आणायचा, तिथे सगळ्या मिळून खरंखोटं पाहू. गावात ताण आला की त्याच दिवशी दोघी-दोघींनी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या गटाच्या बाईकडे जायचं, फोन करून भागवायचं नाही. मदतीला येणाऱ्या बाईचा धर्म, जात, पक्ष नोंदवहीत उपयोगापुरता असेल, आपल्या वागण्यात नसेल. आणि तीन महिन्यांतून एक बैठक फक्त मतभेदांची ठेवायची. जे टोचलं ते तिथे, तोंडावर, नाव घेऊन बोलायचं, पाठीमागे नाही.

पहिली अशी बैठक पातुरातच घेऊ या, असं मी सुचवते. कोणत्या मोहल्ल्यात, कोणाच्या ओट्यावर, ते तुम्ही आत्ता उठण्याआधी ठरवा. मी येईन.